उभ्या धानात नांगर

आज सकाळी जास्वंदीची कुंडी उलटी केली. दीड वर्ष झालं, फुलायचं नाव नाही. पाणी घाला, खत घाला, गोड बोला, काही उपयोग नाही. शेवटी कुंडीच्या बुडावर थापा मारल्या, तसा मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा हातात आला. पाहते तर माती थोडी आणि मुळंच सगळी. जागा शोधत शोधत बिचारी गोल फिरत राहिली होती आणि स्वतःचीच दोरी वळून बसली होती. मी भाजीची सुरी आणली, बुडाकडचा चार बोटं भाग सरळ कापून टाकला, बाजूनं उभ्या चिरा दिल्या. शेजारच्या शोभा वहिनींची सून निकिता त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला चिमटा हातातच राहिला.

"आंटी! ये क्या कर रहे हो? मर जाएगा ना!"

"नाही मरत व. मरून तर आतापर्यंत राहिली होती. आता जगन."

"पर जड थोडी काटते हैं कोई?"

मी हसले. ती पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीतून देते, आमच्या चौबे कॉलोनीतली सगळी पोरं तशीच. तिला काय सांगू, की बाई, हेच वाक्य मी तुझ्यापेक्षा दुप्पट मोठ्या आवाजात ओरडले आहे, गुडघाभर चिखलात उभी राहून, हातात छत्री घेऊन, दोन बैलांच्या पुढ्यात. बारा-तेरा वर्षं झाली असतील. पण दर श्रावणात हे दिवस आले, की तो आवाज मला पुन्हा ऐकू येतो, आणि मग एकटीच बसून हसते नाहीतर एकटीच बसून लाजते. दोन्ही होतं.

हे दिवस बियासीचे. रायपूरच्या शहरातल्या माणसाला याचा पत्ता नसतो. सदर बाजारात राख्यांच्या टोपल्या लागल्या की त्याला श्रावण कळतो. पण नव्या रायपूरकडे जाणारा तो रुंद, रिकामा रस्ता धरा, आणि मधेच कुठल्याही गावाकडे वळा. डांबर संपलं की वास बदलतो. कोवळ्या धानाचा, कुजलेल्या गवताचा, बैलांच्या अंगाचा मिळून एक हिरवा ओला वास. मेडा, म्हणजे बांध, घातलेल्या लहान लहान तुकड्यांत, ज्यांना इकडे डोली म्हणतात, वीतभर पाणी साचलेलं. त्यात महिनाभराचं धान उभं. आणि त्या उभ्या धानातून माणूस चक्क नांगर हाकतो. आधी उभा, मग आडवा. मागे बगळ्यांची रांग, जणू लग्नाची वरात. नांगर पुढे गेला की मागे रोपं आडवी, उपटलेली, चिखलात तोंड खुपसलेली. आणि नांगर हाकणारा निवांत बिडी ओढत असतो.

मी यवतमाळकडची. आमची काळी माती, कापसाची, तुरीची. माझे वडील डवरणीला, म्हणजे ओळींमधलं तण काढायला, निघाले की आम्हा पोरांना आधीच दम भरायचे. डवऱ्याची पास दोन ओळींच्या मधून गेली पाहिजे, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. "मुळाले धक्का लागला का पराटी रुसते," म्हणायचे. पराटी म्हणजे कापसाचं झाड. एकदा माझ्या भावाच्या हातून बैल वाकडा गेला आणि पाच-सहा झाडांची मुळं तुटली, तर वडील जेवले नाहीत त्या दिवशी. संध्याकाळपर्यंत ती झाडं माना टाकून मोकळी झाली होती. हे असं पाहत वाढलेली बाई मी. मूळ म्हणजे देवघर, तिथे हात लावायचा नाही, हेच माझं सगळं शेतीशास्त्र.

तर झालं असं. आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले, त्याच्या आधी कधीतरी त्यांनी त्या बाजूला एकरभर वावर घेऊन ठेवलं होतं. दोन डोल्या, मधे एक मेड. ते वावर कसायची बिसाहिन आणि तिचा नवरा समारू, अर्ध्या वाट्यानं. बिसाहिन माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, काटक, बोलणं कमी आणि बघणं जास्त. घरी म्हातारी सासू, दोन पोरी. आमच्या त्या एकरातला तिचा वाटा म्हणजे तिच्या घरचं वर्षाचं जेवण, इतकं सरळ होतं ते. आमच्यासाठी ते हौसेचं वावर होतं, तिच्यासाठी ताट होतं.

रिटायर झाल्यावर यांना उत्साह आला. "चाल, वावर पाहून येऊ." मी चांगली इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन, छत्री घेऊन निघाले. पोचलो तेव्हा समारूची पहिली डोली नांगरून झाली होती. आणि तो बैल घेऊन मेड ओलांडून दुसऱ्या डोलीत शिरत होता. मी पहिल्या डोलीकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून जे निघालं, ते मला अजून आठवतं.

"अव माय! नासवलं! सारं नासवलं!"

चपला कुठे गेल्या, साडी कुठे गेली, मी थेट चिखलात. बैलांच्या पुढे जाऊन छत्री उघडली. का उघडली विचारू नका, काहीतरी आडवं धरायचं होतं. डावीकडच्या बैलानं ती हुंगली आणि शिंकला.

"रुको भैया! थांबा म्हणते ना! उभं पीक तुडवून राहिले तुम्ही!"

समारूनं नांगर थांबवला. "का होगे?" त्यानं बायकोला विचारलं, मला नाही.

बिसाहिन मेडेवर उपटलेल्या रोपांच्या जुड्या घेऊन बसली होती. ती हसत उठली. "दीदी, ए बियासी ए. धान नइ मरय. चार दिन मा खडे हो जाही."

मेडेवरच्या बाभळीखाली आमचे हे रुमालानं मान पुसत होते. "अव, त्यांचं काम त्यांले समजते. तू कायले मधात पडतं?"

"तुमी जन्मभर तिकिटं पाह्यली. तुमाले मुळातलं काय समजते?"

"अन् तुले समजते?"

"मले समजते. मी शेतकऱ्याची पोट्टी आहो." आणि मग मी बिसाहिनकडे वळले आणि जे म्हणायचं नव्हतं ते म्हणाले. "नाही झालं उभं तर? पोरींना काय खाऊ घालशील?"

तिचं हसू तिथेच मावळलं. तिनं एकदा डोलीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. मग समारूला हातानं खूण केली. "हव दीदी," ती म्हणाली, "तोर खेत ए."

वावर तुझं आहे. बस, एवढंच. समारूनं जू उतरवलं. मी जिंकले आणि डबा उघडून सगळ्यांना थालीपीठ वाटलं. बिसाहिननं घेतलं, पण पदराला बांधून ठेवलं. मला वाटलं पोरींसाठी.

घरी येताना मी पहिल्या डोलीतली तीन उपटलेली रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. मरण पाहायचं होतं मला, खोटं कशाला बोलू. यांना दाखवायचं होतं, की बघा. गच्चीवर एका घमेल्यात चिखल कालवला, रोपं आडवी टाकली, वर चार बोटं पाणी. आणि शेजारी, तुलना म्हणून, कुंडीत आपोआप उगवलेलं तुरीचं एक रोप उपटून पुन्हा लावलं. मी काही शेतकी कॉलेजात गेलेली नाही, नववीत शाळा सुटली, पण नववीपर्यंत सोटमूळ आणि तंतुमूळ पाठ केलं होतं. सोटमूळ म्हणजे मधोमध एक खांब, आणि त्याला फांद्या. तंतुमूळ म्हणजे झुपका, सगळे सारखे, मोठा कोणी नाही. परीक्षेत आकृती काढून दोन गुण मिळवले आणि विसरून गेले. त्या दोन गुणांचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर घमेल्यात कळला.

तूर संध्याकाळीच गेली. तिचा खांब मोडला होता, ती कोणाच्या आधारानं उठणार? धानानं मात्र वेळ घेतला. दुसऱ्या दिवशी पानांची टोकं पिवळी, एक पान वाळलं. मी यांना बोलावून दाखवलं, "पाहा." तिसऱ्या दिवशी आणखी पिवळं. "पाहा." चौथ्या दिवशी मी एक रोप उचललं, पाण्यात हलकेच धुतलं आणि स्टीलच्या ताटात पसरलं. जुनी मुळं चहा गाळून उरलेल्या चोथ्यासारखी, तांबडी, तुटकी. पण त्यांच्या जरा वर, जिथून खोड सुरू होतं त्या पेरापाशी, पांढरेशुभ्र टोकदार ठिपके फुटले होते. एक नाही, सात-आठ. लेकराला दुधाचे दात येतात ना, तसे. मी बोट लावलं तर टणक.

मी यांना हाक मारली नाही. एकटीच बघत बसले.

तेव्हा मला समजलं ते असं, की झाड जाड मुळानं पाणी पीत नाही. जाड मूळ झाडाला धरून ठेवतं. पितं ते टोकाकडचं, केसासारखं, डोळ्याला नीट दिसत नाही असं. नांगरानं तीच तोंडं तुटतात, म्हणून पान उपाशी राहून पिवळं पडतं. पण धानाचं घर एका खांबावर नाही. त्याच्या बुडापाशी पेरापेरात नवी मुळं दडून बसलेली असतात. जुनी तुटली की ती निघतात, आणि जुन्यांपेक्षा जास्त निघतात, आणि मग वरही फुटवे जास्त. फक्त एक अट आहे. तुटल्यानंतर त्यांना सुकू द्यायचं नाही. तोडण्यानं धान मरत नाही, तोडून कोरडं ठेवलं की मरतं.

आमच्या मंडळात गणपतीत कोणी पाहुणा आला, की भाषणात एकदा तरी म्हणतोच, "आपण विदर्भातून इथे आलो, पण आपली मुळं..." आणि सगळे माना हलवतात. मला दरवेळी विचारावंसं वाटतं, भाऊ, कोणती मुळं, सोट की तंतू? माझे सासरे सोटमूळवाले. चाळीस वर्षं रायपूरच्या रेल्वे क्वार्टरात राहिले, पण शेवटपर्यंत भाताला "पाखरांचं खाणं" म्हणायचे, आणि ज्वारीची भाकर नसली की जेवणच झालं नाही. आमचे हे पक्के तंतुमूळ. जिथे बदली झाली तिथला चहावाला यांचा सोयरा. मी? मी वांग्याच्या जातीची असेन. वांग्याला खांब असतो, पण रोप उपटून लावलं तर आठ दिवस तोंड पाडून बसतं आणि मग बाजूची मुळं जाड करून कामाला लागतं. मेथी, भेंडी, गाजर यांना मात्र हलवू नये. ती मंडळी फार मानी. आमच्या कॉलोनीत तशाही दोन-तीन आहेत, नावं घेत नाही.

आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. ऊन पडलं होतं, कडक. पावसानं दडी मारली होती. पहिली डोली उभी होती, पिवळट, पण उभी, आणि मधोमध हिरवं. मी आतून ओशाळले, पण वरून सावरून घेतलं, कारण दुसरी डोली, माझी डोली, त्याहून दाट, त्याहून हिरवीगार होती.

"पाहा," मी म्हणाले, "ही कशी गच्च आहे. तीही जगली, हीही जगली. नुकसान काय झालं?"

बिसाहिन माझ्याशी त्या दिवशी सरळ बोलत नव्हती. विचारलं तर "हव" एवढंच. तिनं वाकून एक रोप उपटलं, माझ्या हातात दिलं. दुसरं उपटलं, दुसऱ्या हातात दिलं.

"ए धान," ती म्हणाली. "अउ ए सांवा."

सांवा म्हणजे गवत. धानाच्याच उंचीचं, धानाच्याच रंगाचं, मेलं. मला तर जुळ्या बहिणी वाटल्या. तिनं माझा अंगठा धरून पानाच्या बेचक्यात टेकवला, जिथे पान खोडापासून सुटतं. धानाच्या बेचक्यात बारीक पापुद्रा आणि दोन लवदार शिंगं, सांव्याच्या बेचक्यात काही नाही, गुळगुळीत. बुडाशी सांवा जरा लालसर. माझी हिरवीगार डोली निम्मी सांव्याची होती. नांगर फिरला असता तर धान उठलं असतं आणि सांवा गाडला गेला असता. त्यासाठीच तर असते बियासी. हजारो रोपांना एकदाच धक्का द्यायचा, ज्याला पुन्हा उभं राहायचं माहीत आहे ते राहील.

"मग आता फिरव ना नांगर," मी समारूला म्हणाले. "मी काही म्हणत नाही. मी मेडेच्या पलीकडे तोंड करून बसते."

समारूनं पायानं डोलीतला चिखल दाबून दाखवला. पाय रुतला नाही. "पानी उतर गे दीदी. अब नांगर चलाबो त सच्ची मा मर जाही."

आता फिरवला तर खरंच मरेल. घमेल्यात जे शिकले होते ते मला पुन्हा कोणी सांगायची गरज नव्हती. तोडायची वेळ होती तेव्हा मी छत्री धरून उभी होते. आता पाणी नव्हतं, आणि त्या डोलीतला घास सांवा खाणार होता. यात कोणाचा घास, हेही मला माहीत होतं. हातानं निंदायचं तर माणसं लागतील, आणि बियासीच्या दिवसांत गावात मोकळी माणसं कुठून येणार? जो तो आपल्या डोलीत. "मैं कर डारहूं," बिसाहिन म्हणाली. मी करून टाकीन. एकटी. अर्धा एकर. हातानं.

त्या रात्री मला झोप आली असं मी म्हणणार नाही. सकाळी सातलाच शोभा वहिनींचं दार वाजवलं.

"वहिनी, सहलीला येता का?"

"कुठे व?"

"चिखलात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आज निकितानं पाहिलं. पण बायकांचं एक बरं असतं, कारण खरं सांगितलं की त्या येतात. मी काही लपवलं नाही. छत्रीसकट सांगितलं. हसून हसून त्यांनी पोट धरलं आणि मग म्हणाल्या, "जुनी साडी नेसून येते." मागच्या गल्लीतल्या मेश्राम ताई आल्या. त्यांचं बालपण भंडाऱ्याकडे धानात गेलेलं, स्टील प्लँटमध्ये नोकरी करून रिटायर झालेल्या, बोलायला फटकळ. आणखी चौघी मिळाल्या. दोन ऑटो केले. सोबत झुणका, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि कोणीतरी पत्ते पण घेतले होते, सहल म्हटल्यावर.

मेश्राम ताईंनी ऑटोतून उतरताच डोलीकडे एक नजर टाकली आणि मला सुनावलं. "काहून व, इतकी शहाणी बाई तू, अन् बियासी थांबवली? मले इचारलं असतं फोनवर."

"तुमचा फोन लागत नव्हता."

"मी तवा घरीच होती."

मी साडी खोचली आणि डोलीत उतरले.

पहिला तास म्हणजे तमाशा. सकाळीच पाणी सोडलेल्या खोल कोपऱ्यात शोभा वहिनींचा पाय रुतला तो निघेना, दोघींनी ओढला तर पाय आला, चप्पल राहिली. ती चप्पल आजही त्या डोलीत आहे. एकीला जळू लागली, ती आधी ओरडली आणि मग सगळ्यांना बोलावून दाखवली. शोभा वहिनींनी मात्र मान खाली घालून असा झपाटा लावला, की बघत राहावं. तासाभरात हा एवढा ढीग मेडेवर. "पाहा, कसा साफ केला," म्हणाल्या. बिसाहिन आली, ढिगातलं एक उचललं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. सगळं धान. नेमकं धानच तेवढं वेचून काढलं होतं बाईनं, सांवा डोलीत जसाच्या तसा.

मला वाटलं, झालं. जे काही वाचलं असतं तेही आम्ही उपटलं.

आणि बिसाहिन हसली. आधी ओठांतून, मग खांद्यातून, मग मेडेवर बसून, पदर तोंडाला लावून. आठ दिवसांनी पहिल्यांदा. "दीदी मन अब्बड सुग्घर निंदिन," ती समारूला सांगू लागली, दीदींनी काय सुंदर निंदलं, आणि समारूही बैल सोडून हसत सुटला. शोभा वहिनी म्हणाल्या, "मंग काय झालं? हे सांवा सांवा करतं ते तं भगरीसारखंच दिसते. एकादशीले शिजवू." त्यावर मेश्राम ताई म्हणाल्या, "तुमी शिजवा. मले ना एकादशी, ना भगर. मी इथं धान वाचवाले आली."

पण हसून झाल्यावर बिसाहिन उठली ती कामाला. त्या खोल कोपऱ्यातलं पाणी समारूनं तळ्याच्या नालीतून वळवून आणलं होतं, जेमतेम तेवढ्या कोपऱ्यापुरतं. तिनं आम्हाला रांगेत उभं केलं आणि तो सगळा उपटलेला ढीग एक-एक करून पुन्हा लावायला लावला. उपटलेलं जिथे विरळ आहे तिथे लावायचं, इकडे याला चलाई म्हणतात, बियासीचाच दुसरा अर्धा भाग. तीन बोटांत रोप धरायचं, मुळं खाली, चिखलात सरळ दाबायचं, बोट काढताना मूळ सोबत वर येऊ द्यायचं नाही. माझ्या हातात तुटक्या मुळांची रोपं होती.

"मरेल का ग?" मी हळूच विचारलं.

"नइ मरय, दीदी," ती म्हणाली, आणि माझं बोट धरून आणखी खोल दाबलं. "तैं डरा झन. ओला पानी मा राख, बस."

घाबरू नको, त्याला पाण्यात ठेव. तिनं हे रोपाबद्दलच म्हटलं होतं, माझ्याबद्दल नाही. पण मी मात्र त्या दिवसापासून बरीच नीट उभी राहिले.

दुपारी मेडेवर जेवलो. आमची भाकर, झुणका तिनं घेतला, या वेळी लगेच खाल्ला. तिची बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा आणि मीठ, आम्ही खाल्ली. उन्हात त्या थंड आंबूस पाण्याचा घोट घशाखाली गेला तेव्हा मला माझ्या सासऱ्यांची आठवण झाली, आणि वाटलं, म्हाताऱ्यानं एकदा हे खायला हवं होतं. असे आम्ही त्या श्रावणात पाच वेळा गेलो. तिसऱ्या खेपेपर्यंत शोभा वहिनी अंगठ्यानं चाचपून सांवा ओळखू लागल्या. पाचव्या खेपेला तर त्या दुसऱ्यांना शिकवत होत्या. पोळ्याच्या सुमाराला पाऊस परत आला.

मागच्या वर्षी कॉलोनीत नालीचं काम निघालं तेव्हा रस्त्याकडच्या कडुनिंबाची एका बाजूची मुळं मशीननं कचाकचा तोडली आणि वर बुडापर्यंत फरशी बसवायला घेतली. मी ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, बाबा, तोडायचं तर तोडा, पण फरशी हातभर सोडा, पाणी जाऊ द्या, आणि वरच्या चार फांद्या उतरवा, खाली तोंडं कमी झाली तर वर खाणारे पण कमी करावे लागतात. तो म्हणाला, "अम्मा, आप बॉटनी की मॅडम हो क्या?" मी म्हटलं, नाही, माझी मॅडम गावात राहते. फरशी मात्र त्यानं सोडली. झाड थोडं कलतं, पण आहे.

मी बियासी थांबवली त्या वर्षी कार्तिक उलटल्यावर धान कापून कोठारात आलं. कोठार म्हणजे खळं, शेणानं सारवलेलं, कडेला पेंढ्यांच्या भिंती. माझ्या सांगण्यावरून दोन्ही डोल्यांची मळणी वेगळी केली होती. दोन ढीग. नांगरलेल्या डोलीचा ढीग माझ्या छातीपर्यंत, टपोरा, पिवळाजर्द. दुसरा, आमच्या हातानं निंदलेला, कमरेपर्यंतही नाही. मेला नव्हता, पण लहान होता. मी रायपूरपासून वाक्य घोकत आले होते, आणि यांना आधीच बजावलं होतं, की मधे बोलायचं नाही.

"बिसाहिन," मी म्हणाले, "यंदा अर्धं-अर्धं नाही. मोठा ढीग पूर्ण तुझा. लहान माझा. चूक माझी होती, तर कमी माझ्या घरी जाऊ दे."

समारू पेंढीतली काडी दातात धरून आभाळ पाहू लागला. बिसाहिननं माझ्याकडे पाहिलं, मग त्या लहान ढिगाकडे. पदर खोचला, दोन ढिगांच्या मधे गुडघ्यांवर बसली, आणि दोन्ही हातांनी लहान ढीग मोठ्यात ओढायला लागली. कवेत घेऊन, आवाज करत. सरसर, सरसर. मी "अव, थांब" म्हणेपर्यंत मधली जमीनच दिसेनाशी झाली.

"अब बता दीदी," ती धापा टाकत म्हणाली, "कोन धान काकर ए?"

कोणतं कोणाचं, सांग आता. आमचे हे म्हणाले, "सांग ना व, तुले तं सारं समजते."

मग तिनं लाकडी काठा माझ्या हातात दिला. इकडे धान काठ्यानं मापतात, आणि पहिल्या काठ्याला कोणी एक म्हणत नाही, राम म्हणतात. मी भरला, वरून हात फिरवून सपाट केला, तिच्या पोत्यात ओतला आणि म्हणाले, "राम." तिनं काठा घेतला, भरला, माझ्या पोत्यात ओतला. "दू." मी घेतला. "तीन." असं करत करत, ती तिच्या बोलीत आणि मी माझ्या, आम्ही तो अख्खा ढीग उतरवला. शेवटी खाली उरलं ते अर्धा काठा. ते कोणाच्या पोत्यात जायचं यावर मात्र आम्ही दोघी चांगल्या भांडलो. ती माझा हात धरून ओढते, मी तिचा, समारू एकीची बाजू घेतो, हे दुसरीची. आम्ही भांडत असतानाच बिसाहिनच्या कोंबड्या आल्या आणि त्यांनी निकाल लावून टाकला.